सायकल राइडच्या आधी काय खावं? (आणि ग्रुपवर फिरणारे आठ सल्ले)

तिसरा_गिअर (धागाकर्ता)

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला शिवाजीनगरहून निघून जुन्या हायवेने लोणावळा आणि परत असा बेत आहे. साधारण सव्वाशे किलोमीटर. दहा जण आहेत, त्यातले निम्मे पहिल्यांदाच शंभरी ओलांडणार. खाण्याबद्दल ग्रुपवर आलेले सल्ले जसेच्या तसे देतोय:

१. उपाशीपोटी निघा, चरबी जळते.
२. निघताना दोन चमचे तूप, दिवसभर पुरतं.
३. चार केळी खाल्ली की गोळे येत नाहीत.
४. साखर विष, गूळ चालेल.
५. आदल्या रात्री तुडुंब भात नाहीतर पास्ता.
६. निघण्याआधी गोड खाल्लं तर शुगर धाडकन उतरते.
७. नारळपाणी म्हणजे निसर्गाचं ओआरएस.
८. कच्ची अंडी दुधात फेटून.

यातलं काय खरं, काय थोतांड? शिवाय दोघांची त्या दिवशी एकादशी आहे आणि एकाला मधुमेह. पहाटे चारला उठून खरंच करता येईल असं काहीतरी सांगा. ओट्स आणि ब्लूबेरी नकोत.

मिसळ_आधी_बाकी_नंतर

नववा राहिला: "कामशेतला थांबून मिसळ हाणू." पॉपकॉर्न घेऊन बसलोय. राजगिऱ्याच्या लाह्यांचे, एकादशी आहे म्हणून.

घाटवळण

काय खावं यावर सगळे भांडतात, कधी खावं हे कुणी विचारत नाही. खरी मेख तिथे आहे.

शरीरात पिष्टाचा म्हणजे कार्बोहायड्रेटचा साठा (ग्लायकोजेन) दोन ठिकाणी असतो. स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास, यकृतात ८० ते १०० ग्रॅम. रात्रभराच्या झोपेत यकृतातला बराचसा संपतो, कारण मेंदूला झोपेतही साखर लागते. स्नायूंतला जवळजवळ तसाच राहतो. म्हणजे पहाटेचं खाणं पायांसाठी नसतं, ते यकृताची टाकी पुन्हा भरण्यासाठी. त्याला ६०-७० ग्रॅम पिष्ट पुरतं.

आता वेळ. तीन तास हातात असतील तर वजनाच्या किलोमागे २ ते ३ ग्रॅम पिष्ट चालतं, पूर्ण जेवणच म्हणा. तास-सव्वा तास असेल तर किलोमागे १ ग्रॅम. म्हणजे ७० किलोच्या माणसाला ७० ग्रॅम, तेही मऊ, कमी तेलाचं, कमी चोथ्याचं. अर्धाच तास असेल तर ३० ग्रॅम, एक मोठं केळं, बास. साडेपाचला निघायचं तर तीन तास आधी म्हणजे अडीचला उठणं आलं. झोप मोडून खाण्यात काही अर्थ नाही. सव्वाचारला ६०-७० ग्रॅम खा, उरलेलं सायकलवर.

नवखे लोक इथेच फसतात. सगळं आधीच कोंबतात आणि पुढे दोन तास तोंडात काही घालत नाहीत. सपाट रस्त्यावर २२-२४ च्या वेगाने एकट्याने जाताना तासाला ५०० कॅलरीच्या आसपास जळतात. सकाळी कितीही खाल्लं तरी सहा तासांच्या राइडला ते पुरत नाही. पाऊण तासानंतर दर अर्ध्या तासाने २०-२५ ग्रॅम पोटात गेलंच पाहिजे, भूक असो वा नसो. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

सुगरण_सायकलवाली

घाटवळण यांच्या ६०-७० ग्रॅमचा पदार्थांत हिशेब करून देते. सगळं एका माणसाचं.

मेतकूट-भात: ६० ग्रॅम तांदूळ (साधारण अर्धी वाटी), चौपट पाणी, कुकरला चार शिट्ट्या. गुरगुट्या झाला पाहिजे. वर चमचाभर मेतकूट, मीठ नेहमीपेक्षा किंचित जास्त, तूप अर्धा चमचा. भाताचे ४७ ग्रॅम. निघताना एक मध्यम केळं घेतलं की ७०-७५. पोटाला यापेक्षा हलकं काही नाही.

शिरा: प्रसादाचा नव्हे. प्रसादाच्या शिऱ्यात रवा, साखर, तूप सारखंच असतं, म्हणजे ५० ग्रॅम रव्याला ५० ग्रॅम तूप. तुपाच्याच साडेचारशे कॅलरी झाल्या आणि तो पोटातून हलायला तास न् तास घेतो. राइडसाठी रवा ४० ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, तूप २ छोटे चमचे, पाणी दीडशे मिली. पिष्ट ६० ग्रॅम. दूध नको, पाण्यातच करा.

इडली: मध्यम आकाराच्या ५, म्हणजे ५०-५५ ग्रॅम. सांबार नको (डाळ, चिंच, तिखट), साखर घातलेलं पातळ ताक चालेल.

ब्रेड-जॅम: पांढरा ब्रेड ३ स्लाइस, जॅम दीड मोठा चमचा. ६० ग्रॅम. हो, पांढराच. एरवी ब्राउन खा, त्या एका सकाळी नको.

पोह्यांची गंमत अशी की पोहे स्वतः उत्तम (६० ग्रॅम कोरड्या पोह्यांत ४६ ग्रॅम पिष्ट). गडबड करतात तेल आणि दाणे. एक चमचा तेल, दाणे अजिबात नाहीत, कांदा जेमतेम, मिरचीऐवजी चिमूटभर साखर, असे करा. मग ते बेचव लागतात ही तक्रार मान्य आहे.

नागपुरी_तर्री

मिरची नाही, दाणे नाहीत, तर्री नाही, कांदा जेमतेम. याला पोहे म्हणायचं असेल तर म्हणा बापा. आमच्याकडे याला पेशंटचं खाणं म्हणतात.

तालीमबाज

तुपाला उगाच बदनाम करू नका. पैलवान तुपावरच उभे राहतात. १ ग्रॅम तुपात ९ कॅलरी, साखरेत ४. मग जास्त दमदार इंधन कोणतं? साधं गणित आहे.

घाटवळण

@तालीमबाज, गणित बरोबर आहे, घड्याळ चुकलं आहे. तूप वाईट कुणीच म्हणत नाही. पण स्निग्ध पदार्थ पोटातून आतड्यात सगळ्यात हळू उतरतात आणि सोबतचा भात-रवाही अडवून धरतात. दोन चमचे म्हणजे ३० ग्रॅम तूप सव्वाचारला प्यायलं तर देहूरोडच्या आसपास ते अजून पोटातच डुचमळत असतं. त्यातच पायांना रक्त जास्त लागतं, पोटाचं कमी होतं, आणि आंबट ढेकर, मळमळ सुरू.

दुसरं म्हणजे चरबीचं इंधन शरीरात आधीच मुबलक आहे. सडसडीत माणसाच्या अंगावरही ७-८ किलो चरबी असते, म्हणजे पन्नास हजारांहून जास्त कॅलरी. तुटवडा तिचा नाहीच. तुटवडा पिष्टाचा, ज्याचे जेमतेम दोन हजार कॅलरी साठतात. जे आधीच भरपूर आहे तेच वरून कशाला ओतायचं? पैलवान तूप खातो ते दिवसभरात, मेहनतीनंतर. जोर मारायच्या पाच मिनिटं आधी नाही.

तालीमबाज

बरं, मग राइडनंतर वरणभातावर दोन चमचे. तिथे तरी आडवे येऊ नका.

साखरसम्राट

सल्ला ४ आणि ६ माझ्याकडे.

गूळ विरुद्ध साखर: गूळ म्हणजेसुद्धा मुख्यतः साखरच, सोबत थोडं पाणी, थोडं लोह, थोडं पोटॅशियम. राइडमध्ये तासाला ४० ग्रॅम गूळ खाल्ला तरी त्या खनिजांनी त्या दिवशी काही फरक पडत नाही. चव आवडते तर गूळ घ्या. बाटलीत मात्र साखर बरी, गुळाने पाणी लवकर आंबतं आणि कचरा झडपेत अडकतो.

उलट साखरेची एक मजा आहे. आतड्यात ग्लुकोज शोषणारी यंत्रणा तासाला साधारण ६० ग्रॅमवर अडते. फ्रुक्टोजची वाट वेगळी आहे. दोन्ही मिळून दिलं तर ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं. महागड्या एनर्जी जेलवर (राइडमध्ये चोखायची गोड पेस्ट) मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं ते हेच. आणि किराणा दुकानातली साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. एका जेलमध्ये २०-२५ ग्रॅम पिष्ट असतं, म्हणजे चहाचे पाच चमचे साखर. जेलची सोय मान्य, जादू नाही. आणि ९० ग्रॅम हा आकडा अडीच-तीन तासांपुढच्या जोरदार राइडसाठी आणि सराव असलेल्या पोटासाठी आहे. नवख्यांनी ३०-४० पासून सुरू करून दर आठवड्याला दहा-दहा ग्रॅम वाढवावेत. आतड्यालाही सराव लागतो.

शुगर धाडकन उतरणं: यात तथ्य आहे, पण थोडंच. निघण्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी नुसतं गोड खाल्लं तर इन्शुलिन वर असतानाच स्नायूही साखर ओढायला लागतात आणि पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत साखर खाली येते. बहुतेकांना ते कळतही नाही. काहींना थरथर, हलकं वाटणं जाणवतं. त्यांनी ती मधली खिडकी टाळावी. एकतर सव्वा तास आधी खावं, नाहीतर सायकलवर चढायच्या पाच-दहा मिनिटं आधी. पेडल सुरू झाले की इन्शुलिन आपोआप दबतं.

चहाटळ

चहाचं काय? कुणी चहाचं नावच घेत नाहीये. हा मराठी धागा आहे ना?

घाटवळण

घ्या की. कॅफिनचा फायदा खराच आहे, किलोमागे ३ मिग्रॅपासून दिसतो. ७० किलोला २१० मिग्रॅ झाले. टपरीच्या कटिंगमध्ये त्याच्या पाव भागही नसतं, फिल्टर कॉफी किंवा इन्स्टंटचे दोन भरलेले चमचे असतील तर बरं जमतं. असर पाऊण तासात टिपेला जातो. "चहाने अंगातलं पाणी जातं" हे मात्र सोडून द्या, एवढ्या मात्रेत काही होत नाही.

पहाटेच्या चहाचा खरा उपयोग सगळ्यांना माहीत आहे, फक्त लिहीत कुणी नाही. गरम पेय आणि कॅफिन मिळून आतडं जागं करतात. सव्वाचारला खाऊन-पिऊन पाचपर्यंत पोट साफ झालं की अर्धी राइड जिंकली. हायवेवर पहाटे सहाला हा प्रश्न उभा राहिला तर कोणतंच जेल कामाचं नाही.

चहाटळ

एवढ्यासाठीच विचारलं होतं. 🙏

वेलची_केळं

सल्ला ३. केळी चांगलीच आहेत, पण कारण चुकीचं.

राइडच्या शेवटी पोटरी-मांडीला येणारा गोळा बहुतेक वेळा दमलेल्या स्नायूला मेंदूकडून जाणारे इशारे गडबडल्याने येतो. सवयीपेक्षा जास्त अंतर, जास्त वेग, चुकीच्या उंचीची सीट, जड गिअर ओढत राहणं ही नेहमीची कारणं. काही जणांना मीठ फार जातं (जर्सीवर पांढरे नकाशे उमटतात), त्यांना मिठाचा उपयोग होतो. पोटॅशियमची कमतरता त्या सकाळी अचानक होत नाही. आणि केळ्यातलं पोटॅशियम रक्तात पोचेपर्यंत गोळा येऊन गेलेला असतो.

गोळा आल्यावर थांबा, तो स्नायू हळू ताणा (पोटरी असेल तर पंजा नडगीकडे), मग दहा मिनिटं हलक्या गिअरवर. लोणच्याच्या खाराचा घोट काहींना मिनिटा-दोन मिनिटांत आराम देतो. इतक्या लवकर मीठ शोषलं जाणं शक्य नाही, घशातल्या तिखट-आंबट झटक्याने तो चुकीचा इशारा शांत होतो असं मानतात. आपल्याकडचं लिंबाचं लोणचं चालावं, पण त्यातलं तेल नको.

केळ्याचा हिशेब: मध्यम केळ्यात २५-२७ ग्रॅम पिष्ट, वेलची केळ्यात १० च्या आसपास. पूर्ण पिकलेलं, ठिपके पडलेलं घ्या. हिरवट केळ्यातला स्टार्च पचत नाही, वायू करतो. आणि चार एकदम नकोत. एक आधी, बाकीची खिशात.

कोकमवाडी

पाण्याकडे वळा जरा.

नारळपाणी चांगलं आहे, पण ओआरएस नाही. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. घामात नेमकं उलट असतं. एक लिटर घामात साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, माणसागणिक कमीजास्त. म्हणून नारळपाणी प्यायचं तर चिमूटभर मीठ घालून.

ओआरएसच्या पुडीबद्दलही गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. ते जुलाबासाठी बनवलेलं आहे. सोडियम उत्तम मिळतं, पण ताकद नाही, १३.५ ग्रॅम म्हणजे अर्धं केळं. तेव्हा ओआरएस घेतलंत तरी खाणं वेगळं हवंच. आणि मेडिकलमधली पुडीच घ्या. फळांच्या चवीच्या गोड डब्यांवर "ओआरएस" छापायला एफएसएसएआयने (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) २०२५ च्या ऑक्टोबरात मनाई केली ती उगाच नाही.

७५० मिलीच्या बाटलीचं घरचं माप: साखर ४५ ग्रॅम, मीठ पाव छोटा चमचा (दीड ग्रॅमच्या आत), अर्धं लिंबू. साखर एकदा वजनकाट्यावर मोजा आणि ती कुठल्या चमच्याने किती भरते ते लक्षात ठेवा, अंदाजपंचे नको. ६ टक्क्यांचं हे पाणी लवकर शोषलं जातं. आवडीने गोड करत १०-१२ टक्क्यांवर नेलंत की ते पोटातच साचतं, तहान भागत नाही आणि मळमळतं. लिंबाऐवजी कोकम आगळ घातलं तर मीठ घालू नका, आगळ आधीच खारट असतं. वीस मिली पुरे, चाखून बघा.

दोन बाटल्या असतील तर एक ही, एक साधं पाणी. तोंडावर, मानेवर ओतायला साधंच लागतं. साखरेचं पाणी मानेवर ओतणारा एक तरी नग प्रत्येक ग्रुपात असतो.

आणि घरी आल्या आल्या बाटली धुवा. झाकणाची रबरी झडप काढून ब्रशने, गरम पाण्याने. तिच्या आतल्या कडेला काळी बुरशी धरते ती बाहेरून दिसत नाही. "जेलने पोट बिघडलं" म्हणणाऱ्यांनी आधी ती झडप उलटी करून पाहावी.

डच_डोंबिवलीकर

थंडीत उलटा प्रकार. ४ अंशांत तहान लागत नाही म्हणून लोक बाटली भरलेली घरी आणतात. बाटलीत कोमट सरबत भरा आणि घड्याळ लावून प्या. केळं थंडीने दगड होत नाही, चिक्की आणि खजूर होतात.

पाणीदार

किती प्यायचं हे कुणी सांगितलं नाही. "मिळेल तितकं प्या" हा दहावा गैरसमज आहे.

निघण्याआधी दोनेक तासांत किलोमागे ५ ते ७ मिली, म्हणजे ३५०-५०० मिली. पहाटे तेवढा वेळ नसतो, मग उठल्याबरोबर ३०० आणि निघताना दोन घोट. पुढे हवेप्रमाणे तासाला ५०० ते ७५०. स्वतःचा आकडा काढायचा तर राइडच्या आधी आणि नंतर कोरड्या अंगाने, कपड्यांशिवाय वजन करा. घटलेले किलो अधिक प्यायलेले लिटर, भागिले तास, हा तुमचा घाम. (मध्ये लघवी झाली असेल तर ती वजा.)

वजन वाढलेलं दिसलं तर मात्र धोका. याचा अर्थ घामापेक्षा जास्त पाणी गेलं. नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर रिचवल्याने रक्तातलं सोडियम उतरतं. डोकेदुखी, मळमळ, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, बरळणं. हे "डिहायड्रेशन" समजून आणखी पाणी पाजतात ते फार घातक. बरळू लागला तर सरळ हॉस्पिटल.

सडपातळ_होणार

पण सल्ला १? उपाशीपोटी चरबी जळते हे तर खरं आहे ना? वजन कमी करायचंय म्हणूनच सायकल घेतली.

साखरसम्राट

त्या तासात चरबीचा वाटा वाढतो, हे खरं. पण दिवसभराचा हिशेब पाहिला तर शरीर नंतर भरपाई करून घेतं. वजन ठरतं ते एकूण खाण्यावर. उपाशी राइडनंतर माणूस साडेनऊला तीन वडापाव खातो आणि मग वजनकाट्याला दोष देतो.

तासाभराची, गप्पा मारता येतील अशा वेगाची राइड उपाशीपोटी चालते, काही बिघडत नाही. सव्वाशे किलोमीटर उपाशी म्हणजे साधारण तळेगावच्या पुढे कधीतरी बॉंक, म्हणजे अंगातली साखर संपून ताकद जाणं. अचानक पाय लाकूड, हात थरथर, घाम थंड, आणि कारण नसताना मित्रावर चिडचिड. चिडचिड हे सगळ्यात आधी दिसणारं लक्षण, ग्रुपलीडरने तेच ओळखावं. तसं झालं तर सावलीत बसवा, ३०-४० ग्रॅम साखर (कोल्ड्रिंकची छोटी बाटली, नाहीतर ग्लुकोज पावडर पाण्यात), पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग हळू.

ओपीडीतून

मधुमेहाच्या सदस्यासाठी. फक्त मेटफॉर्मिन चालू असेल तर साखर फार उतरण्याची शक्यता कमी. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर राइडमध्येच नाही, त्या रात्री झोपेतही साखर उतरू शकते. डॅपाग्लिफ्लोझिन गटातली गोळी असेल तर उपाशी राहून लांब राइड अजिबात नको. पाणी कमी पडतं, आणि साखर फार वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस (रक्तात घातक प्रमाणात आम्ल साचणं) होऊ शकतो. डोस बदलायचा की नाही हे ज्याने गोळी लिहिली त्याला रविवारच्या आत विचारा, धाग्यावर नको.

त्याच्या खिशात ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज पावडर वेगळी हवी. साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज (तीन छोटे चमचे), पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. चॉकलेट, बिस्किट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर चढायला वेळ लागतो. आणि तो ग्रुपच्या शेवटी एकटा राहणार नाही एवढं पाहा.

अंडेवाला

सल्ला ८ राहिलाच. कच्च्या अंड्यातलं निम्मंच प्रथिन शोषलं जातं, शिजवलेल्यातलं नव्वद टक्के. वर साल्मोनेलाची (पोट बिघडवणारा जंतू) भेट मोफत. दुधाचं म्हणाल तर एरवी पचणारं दूधही पहाटे चारला आणि मग पुढे वाकून पेडल मारताना अनेकांना गुबगुबतं. अंडी राइडनंतर. उकडून. दोन-तीन, सोबत पाव.

पेडल_पंढरी

एकादशीवाल्यांसाठी. साबुदाणा खिचडी आधी खाऊ नका असं म्हटलं तर मार पडेल, पण हिशेब बघा: ७५ ग्रॅम साबुदाणा, ३५ ग्रॅम दाण्याचं कूट, दोन मोठे चमचे तूप. पिष्ट ७० ग्रॅम मस्त, पण स्निग्ध ४५ ग्रॅम. तुपाबद्दल घाटवळण जे म्हणाले तेच इथेही.

साबुदाण्यात दोष नाही. तो जवळजवळ शुद्ध स्टार्च, चोथा नाही, राइडसाठी नंबर एक. त्याची पेज करा: ४० ग्रॅम साबुदाणा रात्री भिजवून, ४०० मिली पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, २५ ग्रॅम साखर, सैंधव. साठ ग्रॅम पिष्ट, तूप शून्य. पातळ ठेवा, गार झाली की घट्ट होते. वरई ५० ग्रॅमची (३३ ग्रॅम पिष्ट) ताकाबरोबर चालते. रताळं उकडून, सालं काढून.

खिशात: राजगिऱ्याचा लाडू (२० ग्रॅमचा असेल तर १४-१५ ग्रॅम पिष्ट), बिया काढलेला खजूर, वेलची केळी. राजगिऱ्याचा लाडू चालत्या सायकलवर खाऊ नका, भुगा श्वासनळीत जातो. थांबून, पाण्याबरोबर. बाटलीत लिंबू-साखर-सैंधव. सैंधव म्हणजेही सोडियम क्लोराइडच, माप साध्या मिठाएवढंच. आयोडीन तेवढं नसतं. निर्जळी असेल तर मात्र त्या दिवशी सायकल नको, हे पंढरीच्या वारीलाही लागू.

मिसळ_आधी_बाकी_नंतर

लोणावळ्याला जाताय आणि वीस प्रतिसादांत चिक्कीचा उल्लेख फक्त ती थंडीत दगड होते एवढाच. निषेध.

सुगरण_सायकलवाली

घ्या चिक्की. पण शेंगदाण्याच्या चिक्कीत निम्मे दाणे, म्हणजे १०० ग्रॅममागे २५ ग्रॅमच्या आसपास तेल. ती घरी न्या. परतीच्या खिशासाठी राजगिरा किंवा चुरमुऱ्याची, तीही तिथेच तुकडे करून. पूर्ण वडी एका हाताने तोडताना हँडल वळतं.

आणि मिसळ: तर्रीचं तेल, मोड आलेली मटकी, फरसाण, कांदा. पचायला सगळ्यात जड चार गोष्टी एका वाटीत. कामशेतला जाताना नको, पुण्यात परतल्यावर दोन खा.

मिसळ_आधी_बाकी_नंतर

आयडी बदलावा लागणार.

लालबीट

बीटचा रस कुणी सांगितला नाही. अर्धा लिटर, दोन-अडीच तास आधी. नायट्रेटमुळे तेवढ्याच कामाला प्राणवायू थोडा कमी लागतो.

घाटवळण

परिणाम आहे, पण लहान, आणि शर्यतवाल्यांसाठी. दहा जणांच्या लोणावळा राइडला पहाटे अडीचला बीट किसायला कोण उठणार? करायचंच असेल तर त्या सकाळी माउथवॉश वापरू नका, नायट्रेटचं पुढचं काम जिभेवरचे जंतू करतात. आणि लघवी लाल दिसली तर डॉक्टरकडे धावू नका.

सल्ला ५ वर कुणी बोललं नाही म्हणून: दोन दिवस ठरवून भात वाढवणं (किलोमागे ८-१० ग्रॅम) हे मोठ्या शर्यतीसाठी, ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड). एका रात्री तुडुंब जेवल्याने झोप मोडते आणि सकाळी पोट जड, एवढंच. शनिवारी रात्री आठपर्यंत वरणभात, बटाट्याची भाजी. छोले, राजमा, कोबी, कच्ची कोशिंबीर नको. दारू अजिबात नको. नवा पदार्थ, नवं जेल रविवारी पहिल्यांदा नको.

तिसरा_गिअर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, वाखूसा (वाचनखूण साठवली). ग्रुपवर टाकायला असं लिहिलंय, बघा:

शनिवार रात्री ८: वरणभात. रविवार ४:००: उठणं, ३०० मिली पाणी. ४:१५: मेतकूट-भात किंवा शिरा (एकादशीवाले साबुदाणा पेज), चहा. ५:२०: एक केळं. ६:१५ पासून दर अर्ध्या तासाला २०-२५ ग्रॅम: एक मध्यम केळं, दोन वेलची केळी, किंवा चार छोटे खजूर. तासाला एक बाटली. तळेगाव आणि लोणावळ्याला पाणी भरणे. मिसळ पुण्यात.

कोकमवाडी

बाटलीत ४५ ग्रॅम साखर आहे हे विसरलात. तासाला अख्खी साखरेची बाटली आणि वर ४०-५० ग्रॅम खाणं म्हणजे ९० च्या घरात गेलात. नवख्यांची पोटं कामशेतलाच बोलतील. साखरेची बाटली तासाला अर्धी, उरलेली तहान साध्या पाण्यावर, आणि खाणं तासाला एकदाच. लोणावळ्याला पुन्हा भरण्यासाठी साखर-मीठ मोजून छोट्या झिपलॉक पुड्यांत न्या. पुडीवर लिहा काय आहे ते, पहाटे नाक्यावर पोलिसांना पांढरी पूड समजावत बसायला नको.

सुगरण_सायकलवाली

शिऱ्याचा रवा शनिवारीच भाजून डब्यात भरा, सकाळी पाच मिनिटांत होतो. भातवाल्यांनी तांदूळ रात्री धुऊन, पाणी घालून कुकर फ्रिजमध्ये ठेवावा आणि उठल्या उठल्या गॅसवर चढवावा. कुकर निवायला दहा मिनिटं लागतात, ती सव्वाचारमध्ये धरलेली नाहीत. भातवाल्यांसाठी पावणेचार लिहा.